यंत्राला दिसलेली काळी गाय

दोनशे माणसं हात वर करून उभी होती आणि प्रत्येक हातात मोबाईल होता. समोर झेंडूच्या माळा घातलेली चौकट, चौकटीत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं चौकोनी यंत्र.

"डोळ्यांनी बघू नका, भक्तांनो! डोळा पापी असतो. कॅमेऱ्यानं बघा!" व्यासपीठावरून यंत्रबाबा गरजले. "तुमच्या फोनात वारं शिरलंय. यंत्रातलं वारं यंत्रच काढणार! ओम् नेटवर्काय नमः, पासवर्डाय स्वाहा!"

हे 'वारं' म्हणजे व्हायरस. श्रीगोंद्यापासून नऊ किलोमीटरवरच्या आमच्या गावात व्हायरसचा वायरस झाला आणि वायरसचं वारं झालं. माणसाच्या अंगात वारं येतं, मग फोनच्या अंगात यायला काय हरकत? चहाच्या टपरीवर रंगनाथ छातीठोकपणे सांगायचा, "महागातल्या फोनला वारं लागत न्हाई." त्याचा शेजारी म्हणायचा, "सगळी वापरत्यात तेच ॲप वापरायचं, मंग काय भ्याव न्हाई." मी हायस्कुलात संगणक शिकवते, पण मला कुणी विचारत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

बाबा नुसतं वारं काढून थांबत नसत, घरातलं गुपितही सांगत. रंगनाथला म्हणाले, "तुझ्या साडूचं परवा पोटाचं ऑपरेशन आहे." रंगनाथनं तिथंच लोटांगण घातलं. साळूबाईला त्यांनी तिच्या नातीचा निकाल सांगितला, जो नातीनं आदल्या दिवशी फक्त आजीला कळवला होता. एकट्या कडूबाईपुढं बाबांची गाडी अडली. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "आई, तुझ्याभोवती धुकं आहे." बटनाचा फोन कमरेला खोचून कडूबाई परत फिरली. "धुकं कसलं, मोतीबिंदू झालाय मेल्याला," असं ती पुटपुटली. मी हसले, पण ती गोष्ट माझ्या डोक्यात राहिली.

एका गुरुवारी बाबांनी गहिनीनाथला पुढं बोलावलं. गहिनीनाथ कष्टाळू शेतकरी, मनानं चांगला, पण डोकं तापलं की कुणाचं ऐकायचा नाही.

"तुझी लेक एका पोराशी बोलते," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "नाव पुढच्या गुरुवारी सांगतो."

त्याच दिवशी गहिनीनाथनं सृष्टीची कॉलेजची बॅग कपाटात ठेवून कुलूप घातलं. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, दीड आठवड्यानं सोमवारपासून पेपर. "नाव कळू द्या, त्याच दिवशी सुपारी फोडतो," असं तो दारात उभा राहून ओरडत होता. नेवाशाचं एक स्थळ तयारच होतं.

मंगळवारी सकाळी दूध द्यायच्या निमित्तानं सृष्टी माझ्याकडं आली.

"मॅडम, हे मी कुनालाच सांगितलं न्हाई. मैत्रिनीला बी न्हाई. फक्त माझ्या फोनमदी हुतं."

"फोन कुणाला दिला होतास?"

"आईनं नेल्ता. दर्शनाला."

मी तिचा फोन उघडून बघितला आणि रागानं माझे कान तापले. जे सापडलं ते काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यानं काय होणार? नाव बाबाला आधीच कळलं होतं. गुरुवारी तो ते बोलला की गावाच्या लेखी ती देवाची वाणी, आणि देवाच्या वाणीपुढं या पोरीचं कोण ऐकणार?

मी पोलिसांत तक्रार दिली. मग आमचे माजी सरपंच आप्पासाहेब यांच्याकडं गेले आणि त्यांना एक बंद पाकीट दिलं. "गुरुवारी मंडपात मी सांगेन तेव्हा उघडा. त्याआधी नाही." आप्पासाहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं, पण पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

गुरुवारी दुपारी मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गहिनीनाथ पहिल्या रांगेत, शेजारी मान खाली घातलेली त्याची बायको बनुबाई, तिच्यामागं सृष्टी. साध्या कपड्यातले दोन पोलीस चपलांच्या ढिगाजवळ उभे होते. डाव फसला असता तर मला कुणी काही म्हणालं नसतं. भरायचं होतं ते सृष्टीला.

बाबांनी डोळे मिटले. "दिसतंय... पोराचं नाव दिसतंय... पहिलं अक्षर..."

"थांबा बाबा!" मी उभी राहिले. आवाज नको तितका चढला. "आधी खूण द्या."

मंडपात कुजबुज झाली. आमच्याकडं देवऋषी घुमायला लागला तरी माणसं आधी खूण मागतात. घरातली अशी गोष्ट सांग जी बाहेरच्याला माहीत नाही, मगच पुढचं बोल, हा रिवाज. त्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

"व्हय, खून पायजे!" मागून कडूबाई ओरडली. आणखी चारजणांनी साथ दिली.

बाबा प्रसन्न हसले. फेट्याखालच्या कानावर त्यांनी हात ठेवला, जणू आकाशातून काही ऐकू येत होतं. "गहिनीनाथ! काल तुझ्या घरी काळ्या गाईनं जुळ्या कालवडी दिल्या. नजर लागेल म्हणून लपवून ठेवल्यास!"

टाळ्या पडल्या. रंगनाथनं कान पकडले. गहिनीनाथ मात्र तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"बाबा, मपल्याकडं गाय न्हाई. दोन म्हशी हायत."

"खोटं बोलतोस? तुझ्या सुप्याच्या मेव्हण्याला विचार!"

"मला मेव्हनाच न्हाई वो. बनू एकलीच हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढं बसलेल्या आप्पासाहेबांना मानेनं इशारा केला. आप्पासाहेबांनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'मी विजया. बुधवारी माझ्या दुसऱ्या नंबरवरून सृष्टीच्या फोनवर एक खोटा मेसेज पाठवणार आहे. नंबर तिच्याकडं सुपा मामा या नावानं असेल. मेसेज असा: काळ्या गाईला जुळ्या कालवडी झाल्या ऐकलं, कुणाला सांगू नका, नजर लागते.'"

बाबा उठायला लागले. पोलिसांनी व्यासपीठामागचा पडदा ओढला. मागं बाबांचा शिष्य बजरंग बसलेला, तोंडाशी माईक, पुढ्यात लॅपटॉप. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आमच्या गावातल्या माणसांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावाखाली त्या घरातले मेसेज. फेटा सोडला तेव्हा बाबांच्या कानात हरभऱ्याएवढा स्पीकर निघाला.

"ते यंत्र म्हणजे दुकानात लावतात तसला क्यूआर कोड," मी म्हणाले. "कॅमेरा धरला की फोनमध्ये एक ॲप उतरतं. ते आधी विचारतं, मी तुमचे मेसेज वाचू का? बनुबाई, तुम्ही काय केलंत?"

"त्यो बजरंग म्हनला, फोन इचारंल तितं हो दाबायचं." बनुबाई रडकुंडीला आली होती. "तीनदा इचारलं. देवाच्या दारात न्हाई कसं म्हनायचं, मॅडम? मी हात जोडून तीनदा हो म्हनलं."

तिच्यावर हसायची कुणाचीच हिंमत झाली नाही. सगळ्यांनी तेच केलं होतं.

"सगळ्यांचे फोन एका जातीचे, बोलायचं ॲपही एकच," मी सांगितलं. "अख्ख्या गावानं एकाच बनावटीचं कुलूप लावलं, म्हणून चोराला एकच किल्ली पुरली."

तोवर काही माणसं लॅपटॉपभोवती जमली होती. "साळूबाईच्या घरचं काय हाय बगू," एकजण म्हणाला. रंगनाथची मानही लांब झाली. मी पुढं होऊन लॅपटॉप धाडकन मिटला.

"शरम वाटू द्या! त्यानं चोरलं आणि तुम्ही वाचणार? मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय? कुणी अंतर्ज्ञान सांगू लागला की पाया पडण्याआधी विचारा, हे तुला कळलं कसं? आणि फोननं काही मागितलं की आधी वाचा, समजलं नाही तर नाही म्हणा. त्यानं कुठला देव कोपत नाही."

पोलीस लॅपटॉप आणि बाबा दोन्ही घेऊन गेले. मंडप रिकामा होत होता. गहिनीनाथ मात्र खांबाला टेकून उभा होता. मी जवळ गेले तसा तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, समदं पटलं. पर पोराचं नाव काय हुतं?"

मी काही बोलायच्या आत सृष्टी पुढं आली. तिची नजर बापावरून हलली नाही.

"अमृत. माज्या वर्गातला हाय. आमी संगं अभ्यास करतो, अन् मला त्यो आवडतो. पेपर झालं की तुमाला मीच सांगनार हुते दादा. माज्या तोंडानं सांगायचं हुतं. त्या मानसानं त्येच चोरलं."

गहिनीनाथनं कमरेच्या करगोट्याला बांधलेली कपाटाची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.

"सोमवारचा पेपर कितीला हाय?" त्यानं विचारलं.