दाराचा चौकोन

माझा भाऊ खोटं बोलतो तेव्हा कान खाजवतो. त्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये त्याने कानाला हातच लावला नाही, आणि मला त्याचाच जास्त संशय आला. म्हटलं, हा एवढा सावध कधीपासून झाला?

आमची कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवते. दादा तिथला जुना मेकॅनिक, मी नवी प्रोग्रामर. मला चिकटवलं त्यानेच. लिफ्टच्या सगळ्या सवयी सोळा बिटांत साठवलेल्या असतात. बिट म्हणजे एक खटका. चालू नाहीतर बंद. पूर्वी मेकॅनिक लोक कॅल्क्युलेटरवर आकडा काढून टाइप करायचे आणि हमखास चुकायचे. म्हणून मी स्क्रीनवर सोळा चौकोन एका रांगेत मांडले. चालू तो हिरवा, बंद तो राखाडी, प्रत्येकाखाली नाव. टिचकी मारली की तेवढं एकच बिट पालटतं. असला कंट्रोल तयार मिळत नाही, एकेक रेघ मी स्वतः काढली. माऊस नसला तर बाणांच्या बटणांनी चौकोनांवरून फिरायचं आणि स्पेसबारने पालटायचं. मेकॅनिक लोकांची कटकट नको म्हणून 'सेव्ह'चं बटणही काढून टाकलं. पालटलं की थेट लिफ्टला कळतं. मी माझी पाठ चांगली थोपटून घेतली होती, उगाच कशाला लपवू.

पहिलाच चौकोन दाराचा. तो हिरवा असेल तर मधे माणूस असताना दार मिटत नाही. एका दवाखान्याच्या इमारतीत मात्र ते एका बाईंच्या दंडावर मिटलं. दंड काळानिळा झाला, नशीब मोडला नाही. मालकांनी तपासलं तर चौकोन राखाडी. आणि त्या लिफ्टवर शेवटचं काम दादाने केलेलं.

"मी त्याला हातही लावलेला नाही," दादा म्हणाला.

तो बाहेर गेल्यावर मालकांनी मला थांबवलं. "तुझा भाऊ आहे म्हणून विचारतो. तुला काय वाटतं?"

गप्प बसायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण नाही. "दारातल्या सेन्सरवर धूळ बसली की दार उघडझाप करत राहतं, लोक तक्रारी करतात," मी म्हणाले. "पूर्वी असं झालं की तो सेन्सरच बंद करून टाकायचा."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या त्याच्याबरोबर जा आणि नीट बघ. त्याचंच काम असेल तर सोमवारपासून त्याला घरी बसवतो."

संध्याकाळी वहिनीचा फोन. "ताई, या वयात ह्यांना दुसरीकडे कोण ठेवून घेणार? तुम्ही मालकांशी बोला ना."

"बोलले," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी दादाचं काम वेगळ्या इमारतीत होतं. मला जिन्यात बघून तो हसला. "आज बाईसाहेबांनी पाय उचलले?"

"माझा कंट्रोल लोक वापरतात कसा ते बघायचंय."

"बघ की, ठमे. कोण नको म्हणतंय?"

लिफ्टची मशीन गच्चीवरच्या खोलीत होती. खोली कसली, कोंदट खोपटंच. तेलाचा वास आणि मोटरची घरघर. दादाने उलट्या खोक्यावर लॅपटॉप मांडला, चौकोनांची खिडकी उघडली. दाराचा चौकोन हिरवा. मग हातमोजे चढवून त्याने पॅनेलमध्ये डोकं घातलं. मी मागे उभी, डोळ्यांत तेल घालून त्याच्या हाताकडे बघत.

"खाली जाऊन दार नीट उघडतंय का बघतेस?" तो आतूनच म्हणाला.

आला मुद्द्यावर, मी मनात म्हटलं. मला कटवतोय. "माझे पाय दुखतायत," मी म्हणाले आणि तसूभर हलले नाही.

बॅटरी वाचवायला लॅपटॉपची स्क्रीन अंधारली. दादाने न बघताच हात मागे केला, स्पेसबारवर बोट आपटलं, आणि पुन्हा तारा आवळू लागला. स्क्रीन उजळली. दाराचा चौकोन राखाडी झाला होता.

"दादा, हे काय केलंस तू?"

त्याने डोकं बाहेर काढून स्क्रीनकडे पाहिलं. "पुन्हा झालं का?" म्हणत टिचकी मारून चौकोन हिरवा केला.

"पुन्हा म्हणजे?"

"होतो तो आपोआप कधीकधी. मी आठवणीने परत हिरवा करतो. दवाखान्यात घाई होती, बघायचंच राहिलं."

मी खिडकी बंद करून पुन्हा उघडली. स्क्रीन अंधारेपर्यंत वाट पाहिली आणि स्पेसबार दाबला. राखाडी. खिडकी उघडल्या उघडल्या पहिला चौकोन निवडलेला असावा, ही करामत माझीच. ऑफिसात आमचे लॅपटॉप कायम चार्जरला लावलेले, तिथे स्क्रीन अंधारतेय कशाला? इथे तिला जागं करायला सगळे हेच बटण दाबणार. माझी मलाच लाज वाटली.

"कंट्रोल बिघडलाय हे मालकांना का नाही सांगितलंस?"

दादाने हातमोजे काढले. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. पहिल्याच कामात खोट निघाली म्हटल्यावर ठेवतील तुला? माझी सगळी उमर इथे गेली. म्हटलं, माझं ऐकून घेतील. आणि तू होतीसच की आत, माझ्या बाजूने बोलायला."

मी मालकांना फोन लावला. मोटरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून स्पीकर चालू केला. "दादाने काही केलेलं नाही. चूक माझ्या कंट्रोलची आहे. दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांना सांगा, खिडकी उघडी असताना स्पेसबारला हात लावू नका."

"बरं झालं वेळेवर कळलं," मालक म्हणाले. "तो पूर्वी सेन्सर बंद करायचा असं तूच म्हणालीस, म्हणून मी तर त्याच्या जागी माणूससुद्धा बघून ठेवला होता. आता येऊ दे त्याला सोमवारी."

मी फोन बंद केला. दादा पॅनेलचं झाकण लावत होता. एकेक स्क्रू त्याने सावकाश पिळला.

"ते मी तुला घरी सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि लॅपटॉप उचलून जिना उतरू लागला.