मागच्या डाव्या चाकावरचा फुगा

मी मागच्या डाव्या चाकावरचा फुगा बोलतोय. जत्रेतला नव्हे. जाड काळ्या रबराचा, पोटात हवा, खाली चाकांचा आस आणि वर चार टनांचं घर. कागदावर वजन थोडं कमी लिहिलंय, पण उचलतो मी, कागद नाही.

जन्म अमेरिकेतला. एका मोटारहोमच्या खाली बसून जहाजानं सौदीतल्या दम्मामला उतरलो. उजवीकडे माझा जुळा भाऊ. रस्त्यानं मारलेले दणके गिळायचे आणि वर झोपलेल्याला कळू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. अल-खोबरच्या एका शेखनं गाडी वाळवंटातल्या सहलींसाठी घेतली, दोनदा फिरवली आणि कापड टाकून विसरला. मग एक सरडा माझ्या अंगावर संसार थाटून तीन वर्षं राहिला. जाताना निरोपही घेतला नाही.

माझ्याकडे पाहिलं ते गफूरनं. हा रत्नागिरीकडचा मेकॅनिक, शेख त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक. साल एक्क्याण्णव, जानेवारी. खोबरमध्ये भोंगे वाजू लागले होते, इराकची क्षेपणास्त्रं येत होती. गफूरच्या बायकोला, हाजराला, सातवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. डॉक्टरनं बजावलं होतं, पडून राहायचं, धक्का लागता कामा नये. आणि हाजराचा भाऊ जेद्दाला, शराफियात. चौदाशे किलोमीटर. कफील म्हणाला, "मोटारहोम ने. यल्ला."

गफूरनं मला धुतलं, भेगा आहेत का बोटानं चाचपलं, हवेचा नवा पाइप बसवला. हवा भरली. मग प्रेमानं आणखी भरली. जास्त हवा म्हणजे जास्त मऊ, असा त्याचा हिशेब. साठ किलोमीटरवर मी दगड झालो होतो. येईल तो खड्डा जसाच्या तसा वर पोचवत होतो. हाजरानं पलंगाची कड घट्ट धरली.

गफूरची थोरली बहीण शरफुन्निसा तिच्या उशाशी बसली होती. "गफूर, उशीत कापूस ठासून भरला की मान मोडते. थोडी हवा सोड."

"आपा, हे इंजिनीयरिंग आहे."

"मग तुझं इंजिनीयरिंग इथं आणून झोपव."

त्यानं हवा सोडली. आम्हा दोघांचा दाब दाखवणारे काटे तीस पौंडांवर आले आणि मी पुन्हा माणसात आलो. हाजराला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा काटा अठ्ठावीसवर, माझा वीसवर. "थंडीनं उतरला असेल," गफूर म्हणाला. अरे, थंडीनं उतरलो असतो तर दोघंही सारखेच उतरलो असतो. पण घाई होती. त्यानं वरून हवा भरली आणि निघाला.

रियाधच्या पुढं लष्कराच्या चौकीवर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला. सुस्स्स.

"ऐश हाजा?" शिपायानं विचारलं. हे काय?

शरफुन्निसानं खिडकीतून सांगून टाकलं, "कुछ नहीं भाई, गाडी को गॅस हुआ है."

आपल्याकडे गॅस पोटात होतो. त्या जानेवारीत तिकडे तो आभाळातून पडायची भीती होती. शिपायाला तेवढा एकच शब्द कळला. पापणी लवायच्या आत चारशे शिपायांनी मास्क चढवले. बरं, चौदा.

गफूर हात वर करून नाही-नाही सांगत होता, "ला, ला. हवा. हवा." अरबीतही हवेला हवाच म्हणतात, म्हणून आम्ही वाचलो. शिपायानं मास्क कपाळावर सरकवला, वाकून मला पाहिलं आणि म्हणाला, "बंचर?" तिकडे पंक्चरला असंच म्हणतात.

पण मी बसत चाललो होतो. गाडी डावीकडं कलली होती, पुढं साडेआठशे किलोमीटर. असं निघालो असतो तर प्रत्येक दणका थेट हाजराला बसला असता.

शिपायानं आपला दाढीचा साबण दिला. गफूरनं फेस करून माझ्या अंगाला फासला. रबर ठीक होतं. पाइपच्या जोडावर बुडबुडे आले. पाइपचं टोक तिरकं कापलेलं. कुणी कापलं ते गफूरला ठाऊक होतं. शिपायाच्या ब्लेडनं त्यानं टोक सरळ कापलं, पुन्हा बसवलं, हवा भरली, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही.

"खलास, जाओ," शिपाई म्हणाला.

"थांब," गफूर म्हणाला, आणि अर्धा तास काट्यासमोर बसून राहिला.

आतून हाजराचा आवाज आला, "काटा हलला काय?"

"नाही."

"मग चल."

तिसऱ्या दिवशी शराफियाच्या गल्लीत ती स्वतःच्या पायांनी उतरली. लढाई फेब्रुवारीत थांबली. मार्चमध्ये मुलगी झाली, अफनान.

तुमच्या गाडीखाली माझे कुणी भाऊबंद असतील तर एवढं करा. सकाळी गाडी थंड असताना दोन्ही काटे बघा. एकच उतरला असेल तर साबण घ्या. वाळूतून आलात तर धुवा. आणि हवा ओझ्याच्या मानानं द्या, मायेच्या मानानं नको.

आज आम्ही खोबरला परत निघालोय. अफनान पलंगावर आहे, नेमकी माझ्या डोक्यावर. तिला ठेवल्याबरोबर काटा एक पौंड चढला, असं मी म्हणतो. गफूर म्हणतो, पावणेतीन किलोनं काटा हलत नसतो. त्याला काय कळतंय. उचलतोय मी.