कॉजचं बाक

"मुलं तुमचंच ऐकतात, बाई. तेव्हा तुम्हीच त्यांना सांगून ठेवा," हेडसर म्हणाले आणि पानाच्या डब्यात सुपारी शोधू लागले.

शालन तांबे टेबलासमोर उभीच होती. बसा म्हणायला हेडसर विसरले होते, की विसरले नव्हते, देव जाणे.

"काय सांगू, सर?"

"हेच, की उद्या तपासणीला नववीचा इंग्रजीचा धडा शेट्येसर घेतील. साहेबांनी विचारलं, तर शिकवतातही तेच. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"पण सर, जूनपासून मी शिकवतेय. तो धडा मी बसवलाय."

"म्हणून तर! बसवलेला धडा वाया कशाला घालवायचा?"

घ्या! साहेबांनी धडा पसंत केला की तुम्हाला कायम करू, असं दिवाळीत याच माणसाने याच खुर्चीत बसून सांगितलं होतं. जागा एकच. तेव्हा शेट्येसरांचा शाळेत पत्ताही नव्हता. ते आले नाताळानंतर, आणि आले ते संस्थेच्या अध्यक्षांचे सख्खे भाचे होऊन आले.

"पुढल्या वर्षी तुमचंही बघू," हेडसर म्हणाले. "उगाच आडवं लावलंत, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

शालन "बरं" म्हणून बाहेर आली. त्या "बरं"ची तिला इतकी चीड आली, की व्हरांड्यातल्या माठातलं पाणी घोटभर पिऊनही ती खाली उतरेना.

तिची आई लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. सालीतल्या तेलाने तिच्या बोटांची कातडी सोलून निघायची आणि काळी पडायची. त्या बोटांवर शालनचं बी.ए. झालं, बी.एड. झालं. गावी गेली की आईचा प्रश्न ठरलेला, "कायम झालीस काय गो?" वाडीतली ती पहिली शिकलेली मुलगी. आई विचारायची आणि सगळी वाडी कान देऊन ऐकायची.

त्या बोटांवरूनच तर हा धडा निघाला होता. एखादी गोष्ट घडवणारी, उपजवणारी, उभी करणारी इंग्रजी क्रियापदं. कामं सारखीच आणि शब्द सतरा. मुलं पार गोंधळून गेली. तेव्हा शालनने एकेका बाकाला एकेक शब्द वाटून टाकला आणि सांगितलं, आपापल्या घरातलं उदाहरण आणा. पहिल्या बाकाला तिने स्वतःच दिलं. काजूच्या तेलाने बोटं काळी होतात, ते कॉज. बंदरावरच्या मिरकरवाड्याच्या मुलांनी बर्फाचा कारखाना आणला, तो बर्फ करतो, ते प्रोड्यूस. वर्गातल्या चिमाची आई जेटीवर मासळी विकायची. चिमाने आणलं भांडण. लिलावात एका शिवीतून अख्खी मारामारी उभी राहते, ते गिव्ह राइज टू! वर्ग हसून लोटपोट. पण शब्द डोक्यात बसले ते कायमचे. पुढे मुलं एकमेकांना बाकाच्याच नावाने हाका मारू लागली.

शेट्येसरांनी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "मॅडम, मी नवखा. जरा दाखवाल का कसं घेता ते?" आणि या बाईने सगळं दाखवलं. बाकं दाखवली, उदाहरणं दिली, हातांची खूणसुद्धा सांगितली. खूण अशी, की साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. साहेबांना वर्ग हुशार दिसतो आणि शिक्षकाला कळतं कुणाला उठवायचं. भोळेपणाला काही सीमा?

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ती वर्गात गेली.

"आज धडा शेट्येसर घेतील."

"का?" चिमा उठली. "धडा तुमचा हाय, बाई."

"साहेबांनी विचारलं, तर सरच शिकवतात असं म्हणायचं."

"पण ते खोटं झालं ना?"

शालनचा आवाज चढला. "मी सांगतेय ना! खाली बस."

चिमा बसली. येताना शालनने लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा आणला होता, धडा छान झाला की वाटायला. तो पिशवीत तसाच राहिला.

तिला शेजारची पाचवी सांभाळायला दिली होती. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. पाचवीला शुद्धलेखन घालून ती त्या भिंतीपाशी उभी राहिली. पलीकडे एकेक बाक उठत होतं, खणखणीत बोलत होतं. मुलं कुठे अडखळली असती तर तिला बरं वाटलं असतं, आणि तसं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काजूच्या तेलाने बायकांची बोटं काळी होतात," शेट्येसर सांगत होते. "मी मुलांना नेहमी असं आसपासचंच उदाहरण देतो."

"वा!" साहेब म्हणाले.

शालनने फळीवर हात टेकला. मेल्याने आईची बोटंसुद्धा सोडली नाहीत.

"सगळं सरांनीच शिकवलं ना? बरोबर आहे म्हणणाऱ्यांनी हात वर करा बघू!" साहेबांनी मुलांना विचारलं.

पलीकडे नुसती बाकं करकरली.

"अरे वा, एकूण एक!" साहेब खूश होऊन हसले. "हेडसर, असा शिक्षक हातचा घालवू नका."

झालं. मुलांना तिनेच पढवलं होतं, आता रागवायचं तरी कुणावर? पाचवीतल्या कुणीतरी विचारलं, "बाई, पुढचा शब्द?" तेव्हा तिला शब्दच आठवेना.

साहेबांची जीप गेली. गंगाराम शिपाई ऑफिसातल्या बशा विसळायला घेऊन गेला. मधल्या सुट्टीत नववीचा सगळा वर्ग पाचवीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, रागावलाव?" चिमाने विचारलं.

"नाही गं. सांगितलं तसंच केलंत ना? एकूण एक हात वर होता म्हणे."

"व्हता. पण डावा."

"डावा?" शालनने विचारलं.

"आमी कोणी ठरवलाच नव्हता," चिमा म्हणाली. "कॉजच्या बाकाने पयला वर केलान, मग सगळ्यांनीच केला. सायबांना काय कळलाच नाय."

"आणि शेट्येसरांना?"

"त्यांना कळला." चिमाने मान खाली घातली. "ते हसले नि सायबांना म्हणाले, बघा, सगळेच."

शालनने पिशवीतून पुडा काढला. वर्गातलं सगळ्यांत खरं उत्तर एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो ते जन्मात कुणाला सांगणार नव्हता. मुलं रांगेत आली. चिमाने डावा हात पुढे केला आणि हळूच हसली.

"खाऊ उजव्या हातात घ्यावा, गो," शालन म्हणाली. तिने तो डावा हात क्षणभर आपल्या मुठीत धरला आणि मग सोडून दिला.

चिमाने उजवा हात पुढे केला. शालनने त्यावर गोळी ठेवली आणि पुढच्या मुलाकडे वळली.