ड्यूकसाहेबांची बहिरी

आमचे ड्यूक आल्बेरिगो माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या ससाण्यांचा विषय निघाला की ऐकणाऱ्याची धडगत नसे. त्यातून त्यांची लाडकी बहिरी ससाणी ग्रिफोना! तिनं कुठला बगळा कसा धरला हे सांगताना ते हात पसरून दालनभर घिरट्या घालायचे.

हे सहा वर्षं एकट्या ओर्सिनानं सोसलं. ओर्सिना म्हणजे ड्यूकांनी ठेवलेली बाई. डचेस व्हियोलांतेबाई तिच्यावर जळत असतील असं गावाला वाटे. मी बाईसाहेबांची सखी, रोज त्यांचे केस विंचरणारी. मला खरं ठाऊक होतं. ओर्सिनाच्या वाढदिवसाला बाईसाहेब न चुकता बदामाची मिठाई पाठवत.

एका सकाळी ओर्सिना थेट आमच्या खोलीत आली. "बाईसाहेब, मी चालले. नेरी खोगीरवाल्याशी लग्न ठरलंय माझं."

"अगं, ड्यूक सोडून खोगीरवाला?"

"दिवसाला चार शब्द बोलतो तो. त्यातले दोन 'जेवलीस का?'"

बाईसाहेबांनी सुस्कारा टाकला. "नशीबवान आहेस. पण आता ती ग्रिफोना माझ्या गळ्यात पडणार, त्याचं काय?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तादेया, तुझी मान छान डोलते गं."

मी कंगवा टाकून हात जोडले. "नको हो बाईसाहेब! त्यापेक्षा बेनव्हेनुतामावशींना बसवा ना!"

मावशी साठीच्या विधवा. दिवसभर खिडकीशी भरतकाम करत. कानाशी नगारा वाजवला तरी ढिम्म हलत नसत.

बाईसाहेब हसून हसून लाल झाल्या. "ह्यांना बहिरीच आवडते ना? मग घ्या म्हणावं बहिरी!"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ड्यूकांची खुर्ची मावशींशेजारी मांडली आणि आम्ही तिघी पडद्याआड उभ्या राहिलो. ड्यूक रंगात आले. "...आणि बगळा ढगात शिरणार, तेवढ्यात माझ्या ग्रिफोनानं खालून झेप घेतली—"

"थापा," मावशी म्हणाल्या.

ड्यूकांचे हात हवेतच राहिले. "काय म्हणालात?"

"बहिरी वरून पडते, खालून नाही. माझ्या नवऱ्याकडे अकरा होत्या. आणि तुमची ती ग्रिफोना लठ्ठ झालीय. किती चारता तिला?"

आता मावशींची रवानगी मठात, असं आम्ही धरूनच चाललो. पण ड्यूकांनी खुर्ची पुढे ओढली. "लठ्ठ? मग... काय घालावं म्हणता?"

चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत दोघं कडाकडा भांडले. दुसऱ्या दिवशी ड्यूक जेवणाआधीच हजर, तेही दाढी कोरून.

मी मावशींना गाठलं. "तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की. तुम्ही पोरी दिवसभर बाह्यांच्या झालरींवर बोलता. त्याला काय उत्तर देऊ, डोंबल?"

ओर्सिनाचं लग्न झालं, पण जाताना ती जरा फुरंगटलीच होती. "सहा वर्षं 'हो हो' करून मान आखडली माझी. नुसतं 'थापा' म्हणायचं होतं होय?"

"म्हणाली असतीस, तर जन्मभर अडकली असतीस," बाईसाहेब म्हणाल्या.

महिन्याभरात बातमी पसरली: ड्यूकांच्या मर्जीतली नवी बाई साठ वर्षांची आहे! परदेशी दरबारांचे वकील मावशींना रेशीम आणि मोती पाठवू लागले. मावशी मोती घालून ड्यूकांबरोबर शिकारीला जात. खिडकीतून ते पाहताना बाईसाहेबांचा चेहरा मी प्रथमच आंबट झालेला पाहिला.

"तादेया, माझे घोड्यावरचे बूट कुठायत?"

तिसऱ्याच दिवशी बाईसाहेब घोड्यावरून थेट दलदलीत पडल्या. ड्यूक स्वतः कमरेइतक्या चिखलात उतरले, आणि त्यांना ओढता ओढता स्वतःही आडवे झाले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. दोघांना एकत्र खदखदून हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"बगळा पळाला ना तिकडे!" मावशी ओरडल्या, आणि घोड्याला टाच मारून एकट्याच पुढे गेल्या.