नळावरचा पहिला नंबर

बदाम टाकायची आम्हाला भारी हौस. ओळखीतल्या कुणाचाही फोटो फोनवर आला की आधी त्याखाली लाल बदाम टाकायचा, वाचायचं मग, जमलं तर. बारशाचा असो की मयताचा. म्हणून आमच्या वाकोल्याच्या चाळीतला नळ वॉर्ड ऑफिसच्या फेसबुक पानावर दिसला, तेव्हा सगळ्या बायकांनी पटापटा बदाम टाकले. मीही टाकला.

संध्याकाळी माझी सून सपना म्हणाली, "आई, खालचं वाचलंत का? हा नळ वापरात नाही म्हणे, काढून तिथे पार्किंग करायचंय. पटत असेल तर बदाम टाका, हरकत असेल तर कमेंट करा, असं लिहिलंय. रविवारपर्यंत."

वाट लागली. स्वतःच्याच नळावर पाणी सोडून बसलो.

घरोघरी पाणी आल्यापासून त्या नळाकडे कोण जातंय, हे खरं. पण मी जालन्याहून लग्न होऊन आले, तेव्हा या मुंबईत मला पहिल्यांदा कुणी हाक मारली असेल तर त्याच नळावर. तीही भांडायला. रुक्मिणी म्हणाली, "ए नवीन, माझो नंबर पयलो." काय तोरा बाईचा. पहाटे हंडा ठेवून झोपायला जायची, आणि आमच्यात रीत अशी की हंडा उभा असला म्हणजे बाई उभी आहे. हात लावायचा नाही. मी कितीही लवकर उठले तरी तिचा हंडा पुढे. तिथेच भांडलो, तिथेच मैत्रिणी झालो. ती आता कुडाळजवळ गावी असते. जाताना हंडा माझ्याकडे देऊन गेली.

तिला फोन केला तर म्हणते, "अगो, मी पण टाकलंय बदाम. आपलो नळ बघून बरा वाटला गो."

बदाम काढले, कमेंटी केल्या. प्रत्येकीला वॉर्डाचं एकच उत्तर: 'आपले म्हणणे नोंदवले आहे.' डोकं फिरलं माझं. म्हटलं, वापरात नाही ना? दाखवतेच.

रविवारी सकाळी सगळ्यांना माळ्यावरचे हंडे, कळश्या, बादल्या काढायला लावल्या. नळ सोडला. आधी खरखरला, मग गढूळ आलं, मग चांगलं पाणी. पूर्वीसारखी रांग लागली आणि पूर्वीसारखीच भांडणंही. मला हसू आवरेना आणि रडूही. रुक्मिणीचा हंडा मी आणला होता, पण ठेवला माझ्या मागे. इतक्या वर्षांत एकदा तरी पहिला नंबर नको का मला?

सपनाने फोटो काढून त्या पानावर टाकला. वॉर्डाचा माणूस दुपारी येऊन पाणी पिऊन गेला. संध्याकाळी पानावर आलं: 'सदर नळ वापरात असल्याचे आढळले. पार्किंगचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे.' खाली बदामांचा पाऊस. या वेळी आम्ही आधी वाचलं.

सगळ्यात शेवटी रुक्मिणीची कमेंट होती. आभार नाही, कौतुक नाही. "गो शकू, माझो हंडो तुझ्या मागे कित्याक?"

ती आता काही परत यायची नाही, गुडघे गेलेत तिचे. मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे.

सोमवारी नळावर ना रांग होती ना फोटो काढायला कुणी. मी दोन्ही हंडे घेऊन गेले. तिचा पुढे ठेवला, आधी तोच भरला, आणि मग माझा लावला.