काजळीच्या पाठीवरचे कोरडे डाग

अध्यक्षसाहेब, काजळी घोडी बिघडलेली नव्हती. मोडलेलो होतो मी. आणि मला मोडलं तुम्ही. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि ज्या कठड्याला मी चेपलो गेलो त्या कठड्याला ठाऊक आहे. कठडा बोलायचा नाही. म्हणून मी बोलतो.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं खोगीर आहे. घोडेस्वारांच्या मंडळाच्या तबेल्यात, दाराशेजारच्या फळ्याखाली, एका खुंटीवर टांगलेलं. माझ्या पुढच्या उंचवट्याला एक निळी फीत बांधलेली आहे. सगळ्यांत छान निगा राखलेलं खोगीर म्हणून ती मला मिळाली. येणारे-जाणारे फीत बघून "वा!" म्हणतात. तुम्हीही म्हणाल. पण दर 'वा'ला मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते ऐका.

मला एका म्हाताऱ्या कारागिरानं शिवलं. माझ्या आत लाकडाचा सांगाडा आहे, त्यावर लोकर, त्यावर चामडं. बाहेरून दिसतं ते चामडं, पण सगळा भार पेलतो तो सांगाडा. कारागीर आधी चामड्याकडे वळलाच नाही. तो तबेल्यात आला आणि एक मऊ तार काजळीच्या पाठीवर वाकवून त्यानं तिचं माप घेतलं. काजळी ही काळीभोर घोडी. ती होती एका नर्सबाईंची. दवाखान्यातली पाळी संपली की त्या गणवेशातच तबेल्यात यायच्या.

"काका, मला बसायला मऊ हवं हं," नर्सबाई म्हणाल्या.

"बाई, खोगीर माणसाच्या बुडासाठी नसतं, घोड्याच्या पाठीसाठी असतं," तार गुंडाळत म्हातारा म्हणाला. "बूड काय, कुठंही सवय करून घेतं. पाठीला तसं जमत नाही."

जाताना त्यानं आणखी एक गोष्ट शिकवली. फेरी संपली की खोगीर उतरवायचं आणि घोड्याचा घाम बघायचा. पाठ सगळीकडे सारखी ओली असेल तर ठीक. मधेच एखादा डाग कोरडा असेल तर तिथं खोगीर इतकं दाबतंय की घामही बाहेर येत नाही. "घोडी तक्रार लिहून देते," तो म्हणाला. "वाचणारा पाहिजे."

पहिली सहा वर्षं माझी सुखाची गेली. मंडळाची मोठी फेरी पानगळीत निघायची. ऊन कोवळं, माश्या कमी, वाटेवर पिवळ्या-तांबड्या पानांचा घोट्याएवढा थर. पंधरा-वीस घोडे एका ओळीत चालायचे. कुंपणाचं फाटक आलं की शेवटच्या स्वारानं ते लावून घ्यायचं आणि तो परत घोड्यावर बसेपर्यंत पुढच्या एकानंही घोडा पळवायचा नाही, अशी रीत होती. कारण पुढचे पळाले की मागच्याचा घोडा एकटा पडल्यासारखा घाबरतो. बेकरीवाले काका दर फाटकाशी मागं राहायचे आणि दर वेळी ओरडायचे, "अहो थांबा, माझं एक तंगडं अजून जमिनीवर आहे!" सगळी ओळ हसत थांबायची. मला वाटायचं, जी माणसं एकासाठी एवढी थांबतात ती माणसं चांगलीच असणार.

फळ्याचा नियमही त्याच चांगुलपणातला. ज्याच्या हातून काही मोडेल त्यानं फळ्यावर आपलं नाव आणि मोडलेली वस्तू लिहायची. कुणी रागवायचं नाही, फक्त दुरुस्त होईपर्यंत ती वस्तू वापरायची नाही. नियम कुणी केला? अध्यक्षसाहेबांनी. भाषण ठोकून केला.

सातव्या वर्षी, पानगळीच्या तोंडावर, नर्सबाईंनी मला पुसून उन्हासाठी कठड्यावर ठेवलं आणि त्या कामावर गेल्या. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दारकाका विहिरीवर होते. अध्यक्षसाहेब घोडे वाहून न्यायचा ट्रेलर मागं घेत होते. त्यांनी मागं पाहिलं नाही. ट्रेलरचं पोलादी टोक माझ्यावर आलं, पाठीशी कठडा होता आणि माझ्या आत कट्ट असा आवाज झाला.

ते उतरले. मला उचललं, उलटंपालटं केलं. चामड्यावर साधा ओरखडा नव्हता. त्यांनी मला खुंटीवर टांगलं आणि फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. मी बघत होतो. खडू फळ्याला टेकलासुद्धा, एक पांढरा ठिपका उमटला. मग त्यांनी तो ठिपका अंगठ्यानं पुसला, खडू जागेवर ठेवला आणि माझ्यावर भरपूर तेल चोळलं. इतक्या प्रेमानं मला कुणी कधी चोळलं नव्हतं.

त्या रविवारी मी काजळीच्या पाठीवर चढलो. नर्सबाई बसल्या आणि माझ्या मोडक्या सांगाड्याची दोन टोकं तिच्या खांद्यामागं रुतली. मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. मी करकरलो, जिवाच्या आकांतानं करकरलो. नर्सबाई म्हणाल्या, "तेल कमी पडलं वाटतं."

परतल्यावर मोतद्दारकाकांनी मला उतरवलं आणि ते थबकले. काजळीची पाठ घामानं निथळत होती, पण दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग खडखडीत कोरडे.

"ताई, हे बघा. इथं कोरडं कसं?"

नर्सबाई वाकल्या, पण तेवढ्यात अध्यक्षसाहेब आले. "अहो, कोरडं म्हणजे तेवढी घोडी दमलीच नाही! कौतुक करा तिचं," ते म्हणाले. बेकरीवाले काका म्हणाले, "मग माझा घोडा तर स्वर्गात गेला म्हणायचा, नखशिखान्त भिजलाय." सगळे हसले. नर्सबाईही हसल्या. तीस वर्षं घोड्यांत घालवलेला माणूस सांगतोय, त्याच्यापुढं म्हाताऱ्या कारागिराचं बोलणं त्या विसरल्या. तक्रार लिहिलेली होती, वाचलीही गेली, पण खोटी वाचून दाखवली गेली.

पुढं काजळी मला बघताच कान मागं टाकू लागली. तंग, म्हणजे पोटाखालचा माझा पट्टा, आवळला की दात काढू लागली. एकदा तिनं नर्सबाईंची बाही पकडली आणि नर्सबाईंनी तिच्या तोंडावर चापट मारली. घोडी मुकाट उभी राहिली. मित्रांनो, मार खायचा होता मी आणि खाल्ला तिनं.

मोठ्या फेरीच्या दिवशी उतारावर सगळं वजन पुढं आलं. काजळीनं कशीबशी वीस पावलं सोसलं आणि एकविसाव्याला ती उधळली. नर्सबाई पडल्या, खांद्याचं हाड मोडलं. त्याच संध्याकाळी बैठक झाली. आधी बक्षिसं वाटली, त्यात ही निळी फीत मला मिळाली. अध्यक्षसाहेबांनी ती स्वतःच्या हातानं बांधली, माझ्या नजरेला नजर न देता. मग काजळीचा विषय निघाला. "घोडी बिघडली आहे. आज खांदा मोडला, उद्या मान मोडेल," ते म्हणाले. मोतद्दारकाका म्हणाले, "साहेब, सहा वर्षं शहाण्यासारखी वागलेली घोडी दोन महिन्यांत कशी बिघडेल?" त्यांना सांगण्यात आलं, की काका, तुम्ही खरारा करा, बैठक आम्ही करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

काजळीला विकायचं ठरलं आणि चार दिवसांनी घोड्यांच्या दलालाचा ट्रक आला. काजळी फळीवरून चढताना एकदा मागं वळली. तिच्या काळ्या पाठीवर, त्या दोन जागी, पांढरे केस उगवायला लागले होते. ते आता कधी काळे व्हायचे नाहीत. ती माझी सही आहे.

थंडी सरता सरता मोतद्दारकाकांनी मला दुसऱ्या घोड्यासाठी खाली काढलं. मागचं टोक पोटाशी धरून पुढचं टोक आपल्याकडे ओढलं. चांगलं खोगीर वाकत नाही. मी जुन्या वहीसारखा मिटलो. काकांनी नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी बऱ्या हातानं मला वाकवलं, पुन्हा वाकवलं आणि खाली बसल्या.

"काका, मी तिला मारलं हो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ताई."

"तिनं सांगितलं होतं की. दोनदा सांगितलं होतं."

त्यांनी काजळीला खूप शोधलं. दलालानं ती दुसऱ्याला दिली होती, त्यानं तिसऱ्याला, पुढचं कुणी सांगेना. बैठकीत त्यांनी विचारलं, "खोगीर कुणी मोडलं?" अध्यक्षसाहेब म्हणाले, "जुनं झालं, मोडलं असेल आपोआप." तेव्हा नर्सबाईंनी मला इथं, फळ्याखाली, फितीसकट टांगलं. म्हणाल्या, राहू दे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मित्रांनो, चामडं चकचकीत ठेवणं म्हणजे निगा नव्हे. एखादं शहाणं जनावर अचानक चावू लागलं, तर त्याला मारण्याआधी त्याच्या पाठीवर आपण काय लादलंय ते उलटून बघा. आणि तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगा. लाज त्या दिवशी एका ओळीएवढी असते. नंतर ती एका घोडीएवढी होते.

मी लाजेनं मान खाली घालून टांगलेला आहे, अध्यक्षसाहेब. तुम्ही रोज माझ्यासमोरून मान वर करून जाता. खडू तुम्ही ठेवलात तिथंच आहे. तुमचं नाव आणि माझं, एवढंच लिहायचं आहे. निदान काजळीला शोधणारी माणसं ती बिघडलेली नव्हती असं छातीठोक सांगू तरी शकतील. लिहिता की नाही? मान डोलावू नका, भाषण करू नका. हो की नाही, एवढंच सांगा.