एकतिसावं पान

कर्म माझं, दुसरं काय! आमच्या वाचनालयात त्या गुलाबी कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट आहे. तीनशे बारा पुस्तकं आणि गोष्ट एकच. शहराला कंटाळलेली मुलगी छोट्या गावात येते, मावशीचं बंद पडलेलं फुलांचं दुकान उघडते, शेजारचा सुतार आधी भांडतो, मग कुंपण दुरुस्त करून देतो आणि शेवटी लग्न. पहिल्या पानावरच कळतं सगळं. तरी तिकडे ज्ञानकोश धूळ खातोय आणि यांच्यावर उड्या!

सगळी सारखीच, त्यामुळे आमच्या बायकांना आपण कुठलं वाचलंय तेच आठवत नाही. ऐंशी पानं झाल्यावर उजेड पडतो, "अगं बाई, हे झालंय की!" म्हणून प्रत्येकीने आपली खूण ठरवलेली. एकतिसाव्या पानावर, पेन्सिलीने, गुपचूप. शिवणवाल्या बाईंचा टाका, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची 'बरोबर'ची खूण, कुणाचा ठिपका, कुणाचं फूल. मी ओरडून ओरडून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या महिन्यात मात्र मी हट्टाला पेटले. तीन दुपारी खोडरबर घेऊन बसले आणि तीनशे बारा पानं लख्ख केली. खांदा भरून आला, पण काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी घड्याळवाले काका आले. चौकात घड्याळं दुरुस्त करतात ते. काकूंना जाऊन दोन महिने झाले होते. या गृहस्थांनी जन्मात वाचनालयाची पायरी चढली नव्हती, उलट काकू पुस्तक घेऊन दुकानासमोरून गेल्या की आतून ओरडायचे, "आणलंस का पुन्हा खुळचट काहीतरी?"

"ही वाचायची त्यातलं एक द्या," ते म्हणाले. "ती म्हणे फूल काढून ठेवायची. आवडलं तर पाच पाकळ्या, नाहीतर तीन. शेजारच्या बाईंनी काल सांगितलं मला. पाच पाकळ्यांचं बघून द्या."

गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

"खोडल्या मी खुणा. सगळ्या. आणि काका, चाळीस वर्षं तुमच्या घरात बसून वाचत होत्या ना? एकदा विचारायचं होतंत, काय आवडलं म्हणून!"

बोलले आणि जीभ चावली. चूक माझी आणि झापतेय कुणाला!

काकांनी चष्मा काढून पुसला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने," ते म्हणाले. मग कपाटाकडे बघून म्हणाले, "पहिलं कुठलं? तेच द्या. सगळीच वाचतो."

तेव्हापासून या माणसाने नाकी नऊ आणलेत. दोन दिवस झाले की हजर, आणि तक्रारींचा पाढा. "हा सुतार काम करतो तरी कधी?" "हिच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, मग चालतं कसं?" "कुंपण पुन्हा मोडलं!" मी म्हणते, "सोडा ना मग, काका." सोडतील तर शपथ.

परवा चौदावं परत करायला आले, तर तक्रार नाही, काही नाही. मीच विचारलं, "आज सुतार काही चुकला नाही वाटतं?"

"हे तिला आवडलं असणार."

"कशावरून?"

"यातला माणूस सहाला दुकान बंद करतो आणि घरी जातो. तिच्याजवळ पायरीवर बसतो. बोलत नाही फार. नुसता बसतो." मग म्हणाले, "मी दहाला करायचो बंद."

मी पंधरावं काढायला उठले.

"राहू द्या," ते म्हणाले. "हेच अजून आठवडाभर ठेवतो."

नियमाने देता येत नव्हतं, त्या पुस्तकासाठी दोघीजणी नाव लावून बसल्या होत्या. मी दिलं.